खो दिल्यावर बसायचं

१० मार्च २०२५, सोमवार

औषधाच्या दुकानदारानं जानेवारीत ही डायरी फुकट दिली होती. दोन महिने तिच्यावर भाजीची पिशवी ठेवत होते. आज उघडली, कारण डोकं भरून आलंय आणि ऐकायला माणूस नाही. म्हणजे माणूस आहे. समोर खाटेवर बसलाय, माझा धाकटा भाऊ सम्यक. पण त्याला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय, सारखंच.

आज हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. चहा पाजला तेव्हाच ओळखलं. जूनपासून खेळाचा तास बंद, त्या जागी कॉम्प्युटर. "हिवराळे मॅडम, तुमच्याबद्दल तक्रार काहीच नाही," म्हणाले. तक्रार नाही आणि नोकरीही नाही. इतकी वर्षं पोरींना खो-खो शिकवला, आणि मलाच बसल्या जागेवरून उठवलं.

योगायोग म्हणजे गेल्याच आठवड्यात सरोजिनी मॅडमचा फोन आला होता. त्यांची ओळख जिल्हा स्पर्धांपासूनची. अजिंठ्याजवळ त्यांची मुलींची निवासी शाळा आहे. "पोरी काटक आहेत, रूपाली, पण शिकवणारं कुणी नाही. तू ये. एप्रिलअखेर कळव." राहायला वसतिगृहातली एक खोली. पुरुष माणूस चालत नाही.

सम्यक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया. हा शब्द लिहायला मला अजूनही दोनदा थांबावं लागतं. आता तो चौतीसचा आहे. गोळ्यांनी आवाज पुष्कळ कमी झालेत, पण त्याबरोबर तोही कमी झाला. बसून राहतो. विचारलं तर बोलत नाही, आणि बोलला तर कशाचा कशाला मेळ नसतो. माय होती तोवर तिनं सांभाळला. मागच्या पावसाळ्यात माय गेली.

आमचा मावसभाऊ प्रणय पुण्याला असतो. तिकडं अशा लोकांसाठी राहण्याची एक जागा आहे म्हणतो. स्वच्छ, बाग वगैरे. त्यालाही एप्रिलअखेरच कळवायचंय.

१३ मार्च, गुरुवार

महिन्याच्या तपासणीला गेलो. निघताना विचारलं, "सम्यक, निळा शर्ट घालतो का पांढरा?" तो बघत राहिला. खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता. पांढरा अडकवला आणि निघाले.

डॉक्टरांनी एका पोरीची गाठ घालून दिली. नाव अश्लेषा. या आजारावर पीएच.डी. करते. आवाज कानावर पडला की मेंदूत काय हालचाल होते आणि हात बटण किती उशिरा दाबतो, हे ती मोजते. आजारी माणूस आणि त्याचं सख्खं भावंड, अशा जोड्या तिला हव्यात. डोक्यावर टोपी घालायची, टोपीला वायरी. शॉक नाही, सुई नाही.

तिनं सम्यकला सगळं नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "सम्यकदादा, तुमची तयारी आहे का?"

"आहे, आहे. काय हरकत नाय त्याची," मी म्हणाले.

"ताई, मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

मग ती बसली. मीही बसले, पण माझा पाय हलत होता. बऱ्याच वेळानं सम्यक म्हणाला, "निळा."

"बघा," मी म्हणाले, "हे असं आहे. विचारावं एक, सांगावं भलतंच."

ती हसली नाही. टेबलावरच्या बरणीतून तिनं लिमलेटची एक गोळी काढून मला दिली आणि पुन्हा तशीच बसून राहिली. माझी गोळी निम्मी संपली तेव्हा सम्यक म्हणाला, "हो. टोपी घट्ट नको."

एवढ्यासाठी माझा अर्धा तास गेला. पण पोरगी गोड आहे. गोळी मलाच दिली, सम्यकला नाही. मोठ्या माणसाचा मान ठेवते.

१६ मार्च, रविवार

औरंगपुऱ्यात सम्यकला चपला घ्यायला गेलो. रिक्षा त्या गल्लीवरून गेली जिथं माय बांगड्या भरायची. मला एकदम भरून आलं. "मायची आठवण येते का रे तुला?" विचारलं. तो बाहेर बघत होता. तेवढ्यात रिक्षावाल्यानं पुढं नेण्याऐवजी चौकातच उतरा म्हणून घोळ घातला. "भय्या, उस्मानपुऱ्यातून निघताना काय ठरलं होतं?" म्हणत मी त्याच्याशी भांडले. भांडणात मी हरत नाही.

दुकानदारानं विचारलं, "भाऊ, नंबर किती?"

सम्यक म्हणाला, "रोज."

दुकानात कॉलेजच्या दोन पोरी होत्या, त्या फिसकन हसल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आठ नंबर द्या," म्हणाले आणि घाईघाईनं चपला पिशवीत टाकल्या. त्याची लाज वाटली, मग लाज वाटली याची लाज वाटली. असं किती दिवस चालायचं?

घरी येऊन प्रणयला फोन लावला. मी म्हणाले, ये एकदा, त्या जागेची सगळी माहिती घेऊन ये.

२० मार्च, गुरुवार

पहिली चाचणी झालीच नाही. टोपी बघितल्याबरोबर सम्यक भिंतीला जाऊन टेकला. "वायरीतून डोक्यातलं जातं," म्हणाला. कपाळावर घाम. मला त्या वेळी त्याची भीती कळते, कारण लहानपणी तो अंधाराला असाच घाबरायचा आणि माझ्या फ्रॉकचं टोक धरायचा. आता मात्र मी धरला तरी तो हात काढून घेतो.

अश्लेषा म्हणाली, "आज राहू द्या. टोपी नुसती हातात घेऊन बघा." मग थांबून म्हणाली, "का ताईंना आधी घालू या?"

मी कशी असते ते तिला अजून माहीत नाही. स्पर्धा म्हटलं की मी एका पायावर तयार. बसले खुर्चीत. टोपीला भोकं, भोकाभोकात थंडगार जेल. शेजारच्या पडद्यावर माझ्या डोक्यातल्या रेघा धावायला लागल्या. मी "सम्यक, बघ" म्हणाले की रेघा खवळायच्या. अश्लेषा म्हणाली, "ताई, बोललात की जबड्याच्या हालचालीनं रेघा बिघडतात. जरा गप्प बसा."

सम्यक हसला.

मी आरशात बघितलं. डोक्यावर भोकांची टोपी, कानांमागं वायरी, गालावर जेल ओघळलेलं. तो हसला आणि दात दिसले त्याचे. माय गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी नळाखाली डोकं धुताना जेल काही निघेना. सम्यक मागून आला आणि तांब्यानं पाणी ओतत उभा राहिला. न सांगता.

२३ मार्च, रविवार

प्रणय आला. मोबाइलवर त्या जागेचा व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या इमारती, झेंडूचे वाफे, रांगेत जेवायला बसलेली माणसं. फाटक मोठं आहे. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? अजिंठ्याचं मैदान डोळ्यापुढं आलं. मला स्वतःची अशी टीम कधी मिळालीच नाही. एका वर्षी पोरी घडवायच्या, दुसऱ्या वर्षी त्यांच्या बापानं त्यांचं नाव टीममधून काढून घ्यायचं.

प्रणय म्हणाला, "ताई, त्याला पण इचार एकदा. नंतर बोल लागायला नको."

म्हणून विचारलं. "सम्यक, बघितलं ना? पुण्याला राहशील तिथं? चालंल तुला?"

काहीच नाही. डोळे मोबाइलवर. प्रणय माझ्याकडं बघून खांदे उडवून हसला. मी ताटं घेतली. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण आवडामावशींनी भाजलेली वांगी पाठवली होती, त्यांचं भरीत केलं होतं, वर तेल-तिखट. सम्यकचं लाडकं. "भरीत वाढू का रे?" विचारलं तर म्हणाला, "नको."

"नको काय, जीव टाकतो तू भरतावर," म्हणून मी वाढलंच. आणि त्यानं ताट पुसून खाल्लं, वर भाकरीचा तुकडा फिरवून वाटीसुद्धा पुसली. आता याला काय म्हणावं?

निघताना प्रणयला सांगितलं, त्याची हरकत दिसत नाही, जागा धरून ठेव. प्रणय म्हणाला, "मग हो समजू?" मी मान हलवली.

रात्रभर नीट झोप नाही लागली. उकाडा आहे.

२७ मार्च, गुरुवार

आज सम्यकनं टोपी घातली. आपणहून. अश्लेषानं मला बाहेर बसवलं होतं, काचेतून दिसत होतं. टुक, टुक, टुक असा एकसारखा आवाज, मधेच एखादा टिंग. टिंग आला की बटण दाबायचं. टुकला नाही. त्याच्या आधी मीही ही परीक्षा दिली होती.

संपल्यावर मी विचारलंच, "पहिला कोण?"

अश्लेषा म्हणाली, "यात पहिला-दुसरा नसतो, ताई." पण मी ऐकते काय! शेवटी तिनं सांगितलं. माझा हात फार चपळ. पण मी कितीतरी वेळा टुकलाच दाबून टाकलं, आणि दोनदा तर काहीच वाजलं नसताना. सम्यकचा हात उशिरा. काही टिंग सुटले. पण चुकीचं बटण त्यानं जवळजवळ दाबलंच नाही.

"खेळाडूचा हात आहे माझा," मी म्हणाले.

"खेळाडूचा आहे. फक्त कानाच्या आधी पळतो." मग तिनंच सावरून घेतलं, की एका जोडीवरून काही ठरत नाही, या आजारात चुकाही जास्त होऊ शकतात, पुष्कळ जणांची सरासरी काढल्यावरच काही म्हणता येतं.

पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. टिंग वाजल्यावर माझ्या रेघेला उंच टेकाड आलेलं. सम्यकचं टेकाड बुटकं, आणि जरा पुढं.

"एवढंसं?" मी विचारलं.

"एवढंसं आहे, पण आहे ना? आवाज पोचलाय."

"म्हणजे त्याला सगळं समजतं?"

"टिंग वेगळा आहे हे मेंदूनं ओळखलं, एवढंच ही रेघ सांगते. मनात काय चाललंय ते रेघेत नाही दिसत. ते त्यांनाच विचारावं लागतं."

"विचारते की. दिवसभर विचारतच असते."

तिनं बरणी पुढं केली. मी गोळी घेतली.

येताना रिक्षात मायचा विचार येत होता. माय सम्यकला काहीतरी विचारायची आणि सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची. बोलायचीच नाही पुढं. मला वाटायचं, मायला पोराशी चार शब्द बोलायचं सुचत नाही. मी घरी असले की तेवढंच घर बोलकं व्हायचं.

३ एप्रिल, गुरुवार

आज फक्त प्रश्नोत्तरं होती. मी सम्यकच्या शेजारी. बसताक्षणी गोळी मिळाली.

अश्लेषानं विचारलं, "सम्यकदादा, सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

याचं उत्तर मला पाठ आहे. आवाजांचा. जिभेवर आलं होतं, पण गोळी दाताखाली होती. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, हा प्रश्न गेला, आता ती दुसरा विचारेल. ती खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत बसली होती, जशी काही बसची वाट बघतेय.

सम्यक म्हणाला, "बोलायचं राहतं."

ती तशीच बसली.

"मागचं तोंडात असतं, तवर ताईचं पुढचं येतं."

मी गोळी गिळली. अख्खी. ठसका लागला, पाणी प्यावं लागलं.

नंतर सम्यक बाहेर बाकावर बसला तेव्हा अश्लेषा माझ्याशी बोलली. म्हणाली, बटणाचा उशीर पापणी लवण्याइतका असतो, बोलण्यातला उशीर वेगळा. त्यात आजार असतो, गोळ्यांची सुस्ती असते, आवाजांची गर्दी असते. दोन्ही एकच समजू नका. "पण थांबून बघायला काहीच लागत नाही, ताई."

मी जरा रागानंच विचारलं, "म्हणजे मीच त्याला बोलू देत नाही?"

"तुम्ही आहात म्हणून ते इथवर आलेत," ती म्हणाली.

रिक्षात गप्प बसले. सम्यकनं दोनदा माझ्याकडं बघितलं, बहुतेक बरी आहे की नाही म्हणून.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळच्या सरावाला श्रेयानं नेहमीचा फाऊल केला. चपळ पोरगी, पण खो देऊनही स्वतःच पळत सुटते. मी शिट्टी मारली आणि ओरडले, "श्रेया! खो दिला ना? मग बस खाली! खो दिला की तुझं पळणं संपलं, आता उठणारीचा डाव!"

हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ओरडले असेन. आज तोंडातून निघालं आणि मी तिथंच थांबले.

निळा. शर्ट विचारला होता मी. निळा का पांढरा.

पोरी बघत होत्या. मी पोरी बसतात त्या मधल्या पाटीवर जाऊन बसले. रोज. मायची आठवण येते का विचारलं होतं रिक्षात. रोज येते त्याला. रोज. आणि मी चपलांचा नंबर सांगून मोकळी झाले. त्याची लाज वाटली मला.

मग भरीत आठवलं. भरीत तर त्यानं ताट पुसून खाल्लं होतं. मग नको कशाला म्हणाला होता?

मी मैदानावर रडले. सगळ्यांसमोर. श्रेया बिचारी जवळ आली, "मॅडम, सॉरी, परत नाय करणार." तिला काय सांगू? म्हणाले, "तू नाही गं. दुसरीच एक आहे, तिला अजून नियम कळला नव्हता."

६ एप्रिल, रविवार

लिमलेटचं पाकीट आणलं. हसू आलं स्वतःचंच, पण माझ्या तोंडाला लगाम लावायला दुसरा उपाय नाही. अश्लेषाची बरणी कशासाठी होती, तेही आता कळलं. मोठ्या माणसाचा मान म्हणे!

कालपासून सराव चालू आहे. एक विचारायचं आणि गोळी तोंडात टाकायची. सोपं नाही. हात शिवशिवतात, ओठ शिवशिवतात. काल तीन प्रश्नांना उत्तर आलंच नाही. एकाचं आलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं, त्याच्या आतल्या कुणासाठी होतं. जादू नाही झालेली काही.

आज सुपात तांदूळ घेतले. मायच्या जागेवर, उंबऱ्याजवळ बसले. सम्यक खाटेवर. विचारलं, "पुण्याच्या त्या जागेत जायचं का तुला?" आणि गोळी टाकली.

खडे असे नव्हतेच तांदळात. हल्ली पाकिटाचे तांदूळ, त्यात काय निवडणार? तरी निवडत राहिले. खाली आवडामावशी कुणाला तरी हाक मारत होत्या. गोळी संपली. दुसरी टाकली नाही, भीती वाटली की कागदाचा आवाज होईल.

सम्यक म्हणाला, "नको म्हणलो होतो की."

मी वर बघितलं नाही.

"मी नको म्हणलो," तो म्हणाला, "तू भरीत वाढलंस."

सूप खाली ठेवलं आणि त्याच्यापाशी जाऊन बसले. त्याचा हात हातात घेतला. आज त्यानं काढून घेतला नाही. मग प्रणयला फोन केला, त्याच्यासमोरच. म्हणाले, जागा सोडून दे. प्रणय म्हणाला, "ताई, परत इचार कर, तुझं अजिंठ्याचं काय?" मी म्हणाले, माझं मी बघीन.

बघीन म्हणाले खरं. काय बघणार?

१५ एप्रिल, मंगळवार

काल भीमजयंती. दरवर्षी मिरवणुकीच्या आवाजानं सम्यक कोपऱ्यात बसतो आणि मी दार लावून घेते. काल विचारलं, "काय करायचं आज?" बराच वेळ गेला. "वरून बघू," म्हणाला. कानात कापूस घालून गच्चीवर गेलो. निळे झेंडे, गुलाल नाही, निळीच उधळण. त्यानं निळा शर्ट घातला होता. मधेच म्हणाला, "माय नाचायची."

खरंय. माय जयंतीला नाचायची. मी विसरलेच होते.

आवाज असह्य झाला तेव्हा तो उठून खाली गेला. तेही आपलं आपण.

२१ एप्रिल, सोमवार

वाईट दिवस. सकाळपासून अंघोळ नाही, जेवण नाही, भिंतीकडं तोंड. टाकीच्या पाण्यात काहीतरी मिसळलंय म्हणतो. मी आधी लिमलेटची गोळी तोंडात टाकली, मग ओरडले, मग पुन्हा गोळी टाकली. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चढउतार असतात, आताच्या गोळ्या चुकवू नका, दोन दिवसांत उतरलं नाही तर या.

आवडामावशींनी त्यांच्या घरातलं पाणी आणून दिलं. ते प्याला.

अजिंठ्याचं नाव मनातून काढून टाकायचं ठरवलं. ठरवलं आणि ताबडतोब इतका राग आला की भांडी आदळली. कुणावर राग, तेही कळेना.

२५ एप्रिल, शुक्रवार

सम्यक आता शांत आहे. सरोजिनी मॅडमना नाही म्हणायला फोन लावला. त्या म्हणाल्या, "भावासाठी ना? मग आधी सांगायचंस. वसतिगृहात नाही चालणार, पण मैदानामागं दोन खोल्यांचं क्वार्टर पडून आहे. पत्रे गळतात, दुरुस्त करून देईन. बघ."

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गोळ्या वेळेवर आणि महिन्याला एसटीनं इथं, एवढं जमवलं तर माझी ना नाही. "पण त्याला विचारलंत का?"

"नाही," मी म्हणाले, "अजून नाही." आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं, की त्याच्या वतीनं हो म्हणून बसले नव्हते.

२७ एप्रिल, रविवार

सकाळचा चहा झाला. सम्यकला सगळं सांगितलं, एकेक करून. शाळा, मैदान, मागच्या दोन खोल्या, गळके पत्रे, महिन्याची एसटी. इथं आवडामावशी आहेत, तिथं कुणी ओळखीचं नसेल, हेही सांगितलं. मग विचारलं, "अजिंठ्याला माझ्याबरोबर येशील का?"

खो दिला आणि बसले. गोळी तोंडात. सूप मांडीवर.

खालून भाजीवाला गेला. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. मला वाटलं, आज उत्तर नाही येणार, आणि नाही आलं तरी चालेल, उद्या विचारू.

सम्यक म्हणाला, "तुला जायचंय का?"

मी तोंड उघडलं. भांडणात न हरणारी मी. टिंग वाजायच्या आधी बटण दाबणारी मी. मला उत्तरच येईना. मायनं विचारलं नव्हतं कधी, प्रणयनं नाही, हेडमास्तरांनी तर नाहीच. तुझी गरज आहे का, तुला जमेल का, तुझ्याशिवाय कोण करणार, एवढंच सगळे विचारतात. जायचंय का, असं कुणी विचारलं होतं?

सम्यकनं माझ्या शेजारचं पाकीट उचललं. त्यातून लिमलेटची एक गोळी काढली, कागद हळूच सोडवला, आवाज होऊ न देता, आणि गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. मग खिडकीबाहेर बघत बसला. माझ्याकडं बघितलंच नाही, मला घाई वाटू नये म्हणून.

कधीपासून बघत होता हा सगळं?

माझे डोळे गळायला लागले होते. सुपातले तांदूळ ओले झाले. किती वेळ गेला माहीत नाही, पण तो थांबला होता. त्याला थांबता येतं. आमच्या घरात मायनंतर त्यालाच येतं.

"व्हय," मी म्हणाले. "जायचंय. लई जायचंय मला."

मग मी पुढं काही बोलले नाही. माझा प्रश्न अजून त्याच्याकडं होता.

त्यानं गोळी संपेपर्यंत चघळली. मग म्हणाला, "मग माझा निळा शर्ट भर."

शर्ट धुऊन वाळत टाकलाय. संध्याकाळी सरोजिनी मॅडमना फोन करते.